वळवाचा ढग कसा वाचायचा

बेळगाव-खानापूर भागात एप्रिल-मेमधला वळीव अचानक येतो असं आपण म्हणतो. खरं तर तो दुपारपासूनच खुणा देत असतो.

बाराच्या सुमारास मोबाईलवर तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव धरतं ते तापमान) बघा. दोन्हींतल्या फरकाला १२५ नं गुणलं की ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटर वर असेल ते कळतं. तापमान ३६ आणि दवबिंदू २० असेल तर २००० मीटर. पण घाट चढून येणारा पश्चिमेचा दमट वारा पडला, दवबिंदू ८ वर आला, की तळ ३५०० मीटरवर जातो. मग थेंब वाटेतच आटतात आणि पदरी पडतं ते नुसतं वादळ नि धूळ.

ढगाचे काठ फुलकोबीसारखे करकरीत दिसतात तोवर तो वाढतोय. काठ विस्कटून माथा ऐरणीसारखा पसरला की वर बर्फकण झालेत. पाऊस सुरू झाला की थेंबांबरोबर थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि त्याच ढगाला खालून मिळणारी गरम हवा तोडते. म्हणून एकटा ढग अर्ध्या-पाऊण तासात संपतो.

फसगत होते ती पुढं. ही पसरलेली थंड हवा शेजारची गरम हवा उचलते आणि तिथं नवा ढग उभा राहतो. ‘यळ्ळूरच्या अंगानं गेला’ म्हणून गच्चीवर पुन्हा कुरडया पसरल्या की त्या भिजल्याच. गार वाऱ्याचा झोत अंगावर आला तर उरतात पाच-दहा मिनिटं, आधी ताडपत्री.

ढग कुठं निघालाय हे ऐरणीच्या टोकावरून ठरवू नका, ते फक्त वरचा वारा दाखवतं. एका जागी उभं राहून विजेच्या खांबाच्या रेषेत पावसाचा पडदा धरा. दहा मिनिटांत तो डावी-उजवीकडं सरकला नाही, नुसता रुंदावत गेला, तर तुमच्याकडंच येतोय.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. आवाज ऐकू येत नाही म्हणजे वीज लांब आहे असं नाही, वाऱ्यात तो विरतो. तेव्हा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲपही बघत जा. जनावरं आंब्याखाली बांधू नका. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, आणि बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्यानं माणसापेक्षा त्याला मोठा झटका बसतो.