एका दिवसात नागपूर: मेट्रोभोवती बेत आखा

नागपुरात एकच दिवस हाताशी असेल तर दिवसभरासाठी ऑटो ठरवण्यात पैसे जातात, आणि भर दुपारी उन्हात फिरून जीव मेटाकुटीला येतो. मेट्रोच्या दोन्ही लाईन सीताबर्डीला मिळतात. बेत त्या स्टेशनभोवती बांधला की दोन्ही त्रास वाचतात. पाहुण्यांना आम्ही असंच फिरवतो:

१. सकाळी तर्री पोहे खाऊन आधी दीक्षाभूमी. ऑरेंज लाईनवर रहाटे कॉलनीला उतरा, पुढचं थोडं अंतर ऑटोने. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा घेतली. स्तूपाच्या आत शांत बसायला वेळ ठेवा, घाईने फोटो काढून निघू नका.

२. ऊन चढलं की त्याच लाईनने झिरो माईल. दगडी खांब बघून थेट अजब बंगल्यात शिरा. १८६३ सालचं हे संग्रहालय म्हणजे दुपार काढायला उत्तम जागा. डोक्यावर छप्पर आणि बघायला भरपूर. एप्रिल-मे मध्ये तर हा क्रम अजिबात बदलू नका.

३. ऊन उतरल्यावर सीताबर्डीला ॲक्वा लाईन पकडा, सुभाषनगरला उतरून अंबाझरी तलाव.

एक सांभाळा: अजब बंगला सोमवारी बंद असतो. आणि सीताबर्डीचा किल्ला यादीत धरू नका; तो लष्कराच्या ताब्यात आहे, सर्वांसाठी २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतो.