ग्रँड कॅन्यनवरून हेलिकॉप्टर: ऑक्टोबरचं गणित

साउथ रिम म्हणजे दरीच्या दक्षिण काठाजवळच्या टुसायान गावाहून उडणार असाल तर सूर्योदयाचा हट्ट सोडा. ऑक्टोबरपासून ड्रॅगन आणि झुनी या हवाई मार्गांवर पर्यटन-उड्डाणं सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढीच चालतात. पहिल्या तासाभरातली वेळ घ्या. उशिरा ऊन तापलं की हवेत धक्के बसतात. मळमळीची गोळी घ्यायची तर उड्डाणाआधी अर्धा-पाऊण तास. वजन खरं सांगा, आसनं त्यावरूनच ठरतात, मनाजोगती खिडकी मिळेलच असं नाही. कपडे गडद घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेवर उमटून फोटो हमखास बिघडतो. कॅमेऱ्याच्या भिंगावरचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा) फिल्टरही काढाच, त्याने काचेत रंगीत पट्टे दिसतात. दरीत उतरायचं असेल तर वेस्ट रिमची, म्हणजे पश्चिमेकडची, हुआलापाई या मूळ अमेरिकी जमातीची भूमी निवडा.