पिस्तुलाच्या पुढच्या साईटला रंग लावताय? मग या चुका टाळा

कोल्हापूर, शिरोळ, हातकणंगले भागात लायसन्सची .३२ रिव्हॉल्वर बऱ्याच जणांकडं असते, आणि तक्रार एकच, पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची उभी पट्टी) काळी, जिच्यातून ती बघतो ती मागची खाच पण काळी, दिवस मावळायला लागला की काहीच दिसत नाही. रंग लावणं हा चांगला आणि स्वस्त उपाय आहे, पण सगळी चर्चा कुठला रंग यावरच होते आणि खरा घोळ होतो साईटच्या वरच्या कडेवर.

नेम त्या कडेवर धरतो आपण. ती सपाट आणि धारदारच राहिली पाहिजे. लोक ब्रश भरून वरून फिरवतात, मग रंग वर चढतो, कड गोल होते, साईट उंच होते. हिशोब करून बघा, दोन साईटमधलं अंतर १५० मिमी धरलं आणि रंगानं पुढची साईट ०.३ मिमी वाढली तर २५ मीटरवर गोळी ५ सेंटीमीटर खाली लागणार. आणि माणूस महिनाभर ट्रिगरला दोष देत बसतो!

उलटी चूक पण होते. वर काळी पट्टी सोडून खाली नुसता ठिपका दिला की डोळा ठिपक्यालाच कड समजतो, साईट जास्त उचलली जाते आणि गोळ्या वर जातात. म्हणून तुमच्याकडं तोंड असलेली बाजू अगदी वरच्या कडेपर्यंत रंगवा, पण कडेच्या वर एक थेंबही नको. बाजूला ओघळला तर खाचेतली उजेडाची फट एका बाजूनं कमी दिसते आणि डावं-उजवं चुकतं, त्यामुळं मास्किंग टेप लावाच आणि ब्रशऐवजी टूथपिक घ्या.

हे सगळं करायच्या आधी हत्यार रिकामं करा, सिलिंडर किंवा चेंबर डोळ्यानं बघा, बोटानं चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. यात घाई करायचीच नाही.

रंग पापुद्र्यासारखा निघतोय? मग तेल राहिलंय. साईट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि परत बोट लावू नका. ॲसिटोन लोखंडावर चालतं पण प्लॅस्टिकची साईट किंवा पॉलिमर फ्रेम (हत्याराचा प्लॅस्टिकचा सांगाडा) असेल तर जवळ पण नेऊ नका, काही प्लॅस्टिक त्यानं विरघळतं.

रंग मळका दिसतोय? फ्लोरोसंट केशरी किंवा पोपटी रंग अर्धपारदर्शक असतो, थेट काळ्यावर मारला की मरतो. आधी पांढरा कोट, तो पूर्ण वाळू दे, मग रंगाचे दोन-तीन पातळ कोट. कोल्हापुरात महाद्वार रोडवर मिळणारं साधं नेलपॉलिशही चालतं. फ्लोरोसंट अंधारात चमकत नाही बरं का, त्याला उजेड लागतोच. लाल रंग संधिप्रकाशात सगळ्यात आधी काळा पडतो, त्यापेक्षा पोपटी बरा. आणि मागच्या साईटला तोच रंग देऊ नका, डोळा गोंधळतो.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की नेलपॉलिश, लॅकर पांढुरकं पडतं आणि वाळत पण नाही. शक्यतो ऊन पडलेल्या दिवशीच करा.

नंबर आणि कंपनीच्या खुणांवर रंग जाऊ देऊ नका, खोडणं-घासणं तर लांबच. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ मध्ये ते सरळ मना आहे.

मॅचच्या पिस्तुलाला मात्र हे काहीच करायचं नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं तेव्हापासून इथली पोरं त्या खेळाकडं लई ओढली गेलीत, तर त्यांच्यासाठी सांगतो, पांढऱ्या कागदावरच्या काळ्या गोलाखाली नेम धरायला काळी साईटच स्वच्छ दिसते, उलट चकाकी घालवायला तिच्यावर काजळी धरतात.

रंग वाळल्यावर रेंजवर जाऊन टेकण लावून ग्रुप काढून बघा, म्हणजे चार-पाच गोळ्या मारून त्या कुठं एकत्र लागतात ते बघा. जागा बदलली असेल तर कडेवरचा रंग ब्लेडनं अलगद खरवडा, साईट कानशीनं घासू नका. नंतर साफसफाई करताना बोअर सॉल्व्हंट (नळी आतून साफ करायचं द्रावण) साईटला लागू द्यायचं नाही, नाहीतर सगळं परत पहिल्यापासून करावं लागतंय.