इसार देण्याआधी प्लॉटवर एक खड्डा घ्या

परभणीत मी घरांच्या बांधकामावर देखरेख करते. प्लॉट घेणारे माझ्याकडे सातबारा, एनए (बिगरशेती) ऑर्डर, लेआउटचा नकाशा असं सगळं घेऊन येतात. मातीचं विचारलं की कौतुकानं सांगतात, "काळीभोर आहे मॅडम, एकदम भारी." कापसाला, सोयाबीनला ती भारीच आहे. पण घर बांधायला तिच्याइतकी अवघड जमीन आपल्याकडे दुसरी नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर दरवर्षी तिच्यासोबत हलतं.

म्हणून पहिली चक्कर एप्रिल-मे महिन्यात मारा. जमिनीला पडलेल्या भेगांत तुरीची काडी घालून बघा. ती हातभर आत गेली, तर काळीचा थर जाड आहे असं धरून चाला. मग शेजारची जुनी घरं बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली चीर, मधेच उचललेली फरशी, भिंतीपासून सुटलेली पायरी ही तिथल्या मातीची लक्षणं आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा: शोषखड्डा खणताना मुरूम, म्हणजे झिजलेल्या खडकाचा टणक थर, किती फुटांवर लागला?

दुसरी चक्कर मोठा पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी. तेव्हाही प्लॉटवर पाणी तुंबलेलं असेल तर तो खोलगट भाग आहे, किंवा ओढा बुजवून भराव टाकलेला आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढा, त्यात ओढे दाखवलेले असतात. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य क्षेत्र) लिहिला असेल तर तो कशामुळे, हेही विचारा. भरावाच्या जागेची मला काळीपेक्षा जास्त धास्ती वाटते, कारण खाली काय पुरलंय ते कुणीच सांगत नाही.

आता खड्डा. मालकाची परवानगी घेऊन प्लॉटच्या दोन टोकांना जेसीबीनं खणा, मुरूम लागेपर्यंत. खोल खड्ड्यात उतरू नका, कडा ढासळतात. बादलीतून वर आलेली ढेकळं बघा. वरची काळी भुसभुशीत असते. खालचं ढेकूळ फोडलं की आत तिरके, गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात. माती फुगताना एकमेकांवर घासून ते तयार झालेले असतात. त्याखाली बहुधा चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळसर माती आणि मग मुरूम. एका टोकाला मुरूम ३ फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला ९ फुटांवर असेल, तर इंजिनिअरला ते आधीच सांगा, कारण अशा जागी पाया सारखा बसत नाही.

माती किती फुगते ते घरीही कळतं. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली १०-१० ग्रॅम माती दोन सारख्या, खुणा असलेल्या उभट काचपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता, ढवळा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरला, तर प्रयोगशाळेतून रीतसर तपासणी करून घ्या. घराच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे, आणि इथं केलेली काटकसर मला अजिबात पटत नाही.

मुरूम जवळ असेल तर पाया त्यावर न्यायचा, विषय संपला. खोल असेल तर खाली फुगीर बल्ब असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं आपल्याकडे ही पद्धत विकसित केली. बल्ब अशा खोलीवर असतो जिथं ओल वर्षभर फारशी बदलत नाही, म्हणून घर जागचं हलत नाही. याशिवाय घराभोवती चार-पाच फूट रुंद पक्का उतार करा. छताचं पाणी आणि शोषखड्डा पायापासून लांब ठेवा.

बागेचं गणित वेगळं आहे. मातीच्या नमुन्यासाठी ८-१० जागी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्या, कडेची माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात द्या. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. फळझाडं लावायची असतील तर खालच्या थरांचे नमुने वेगळे द्या. अहवालात सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त आला, तर जमीन चोपण आहे; जिप्सम आणि पाण्याचा निचरा याशिवाय तिथं काही धड येत नाही. मुक्त चुना जास्त असेल तर मोसंबी, संत्रा लावू नका. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि लोक खतं घालत बसतात. अशा जागी सीताफळ, बोर, चिंच लावा. चिंच मात्र घरापासून चांगली लांब. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतं आणि त्या बाजूची काळी आणखी आकसते.

वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होईपर्यंत, बागेत कुदळ लावू नका. ओल्या काळीत खणलं की ढेकळं वाळून दगडासारखी होतात, आणि ती पुढच्या पावसाशिवाय फुटत नाहीत.