ज्वारीचं हिरवं रान, गुरं आणि वैरण: या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चला टाकलेली चाऱ्याची ज्वारी मे महिन्यात एकदा कापून झालेली असते. विहिरीने तळ गाठलेला, खोडवा माना टाकून उभा. तेवढ्यात वळवाचा एक पाऊस पडतो आणि चार-आठ दिवसांत बुडख्यातून वीतभर लुसलुशीत फुटवे वर येतात. कडबा चघळून कंटाळलेली गुरं तिकडेच ओढ घेतात आणि आपणही दावं सोडतो. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते ती बहुधा अशाच वेळी.

ज्वारीत धुरीन नावाचा घटक असतो. पान चावलं गेलं, ठेचलं गेलं की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. कोवळ्या पानांत आणि फुटव्यांत धुरीन जास्त, पाण्याचा ताण बसलेल्या पिकात आणखी जास्त. या विषाने रक्तातला प्राणवायू शरीरातल्या पेशींना वापरताच येत नाही. म्हणून जनावर धापा टाकतं, पण हिरड्या मात्र लालभडक दिसतात. तोंडाला फेस, झोकांड्या, झटके हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात होऊन जातं. अशा वेळी गूळपाणी घशात ओतत बसू नका. झटके येणाऱ्या जनावराच्या ते फुफ्फुसात जातं आणि एकाचे दोन आजार होतात. आधी फोन पशुवैद्यकाला, आणि ‘ज्वारी खाल्लीय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. यावर सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन शिरेतून देतात; वेळेत मिळालं तर जनावर उठतं.

पीक किती वाढल्यावर गुरं सोडायची? दीड-दोन फूट झालं की चालतं असं सांगितलं जातं. मी कमरेच्या वर गेल्याशिवाय सोडू नका म्हणेन, आणि ताण बसलेलं पीक असेल तर फुलोऱ्यापर्यंत थांबा. नुसती उंची बघूनही फसायला होतं. वरून पुरुषभर दिसणाऱ्या रानात खाली बुडाशी नवे कोंब असतात, आणि गुरं जाड ताटं सोडून नेमके तेच वेचून खातात. एकाच पट्ट्यात गुरं आठवडाभर ठेवली की तोच प्रकार होतो: पहिल्या दिवशी खाल्लेल्या जागी पुन्हा फुटवे आलेले असतात. पट्टे पाडून चारा आणि चरलेल्या पट्ट्यावर परत सोडू नका. सकाळी उपाशी पोटी तर नाहीच. आधी कडबा खाऊ द्या.

‘वाळवलं की विष गेलं’ हे अर्धंच खरं. हायड्रोसायनिक आम्ल नीट वाळवल्यावर बरंचसं उडून जातं, मुरघासातही (हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यातही) कमी होतं. ज्वारीतलं दुसरं विष, नायट्रेट, मात्र वाळवून जात नाही. आज हिरव्यात आहे तेवढं चार महिन्यांनी गंजीतही असतं. युरिया टाकला, पाणी मिळालं नाही, पीक खुंटलं, की ते ताटात साठतं, विशेषतः बुडाकडच्या भागात. असं पीक कापायचंच असेल तर वीत-दीड वीत बुडखा ठेवून कापा आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडं थोडं घाला. नायट्रेटच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होतं आणि औषधही वेगळं असतं, म्हणून युरिया टाकल्याचं पशुवैद्यकापासून लपवू नका. बाजरीत धुरीनची भीती नाही. चरायलाच रान हवं असेल तर मी बाजरी पेरेन. नायट्रेट मात्र बाजरीतही साठतं, मक्यातही.

आता वैरण. निम्मं पीक फुलोऱ्यात आलं की कापणी. कणीस भरायची वाट बघितली तर वजन वाढतं, पण ताट चिवट होतं आणि निम्मी वैरण गव्हाणीतच उरते. पेरणी विरळ असेल तर ताटं बोटाएवढी जाड होतात आणि वाळता वाळत नाहीत. चाऱ्यासाठी एकरी 16 किलोच्या आसपास बी टाका.

खरी फसगत वाळवताना होते. उन्हाळ्यात पान दोन दिवसांत कुरकुरीत होतं, ताट आतून ओलंच. एक ताट पेऱ्याजवळ पिळून बघा. बोटाला ओल लागली तर पेंढ्या बांधायची घाई नको. गंजीत जाताना ओलावा 15 टक्क्यांच्या खाली हवा. चाऱ्याची उलथापालथ सकाळी, दव असताना करा. भर दुपारी केली की पानांचा चुरा रानातच पडतो आणि घरी येतात नुसत्या काड्या.

गंजी रचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे आत कोपरापर्यंत हात घालून बघत जा. कोमट लागलं तर त्याच दिवशी उपसून पसरा. ओली वैरण आतून तापते, बुरशी धरते आणि फारच तापली तर पेटही घेते. पांढरी भुकटी उडणारी, कुबट वासाची पेंढी गाभण गाईला अजिबात घालू नका.