शहरी जादूगारांच्या कादंबऱ्या वाचायच्यात? सुरुवात अशी करा

फॅन्टसी म्हटलं की बऱ्याच जणांना पहिल्याच पानावरचा नकाशा आणि जीभ वळत नाही अशी राजांची नावं आठवतात आणि पुस्तक तिथेच मिटतं. अशांनी सरळ अर्बन फॅन्टसी घ्यावी. इथला जादूगार आजच्या शहरात राहतो, त्याचं भाडं थकलेलं असतं आणि खरी गंमत त्या थकलेल्या भाड्यातच आहे, मंत्रबिंत्र नंतर.

आधी मूड ठरवा. टोमणे, मारामाऱ्या आणि प्रायव्हेट डिटेक्टिव्ह हवा असेल तर जिम बुचरची ड्रेस्डेन फाइल्स. हॅरी ड्रेस्डेन शिकागोत तळघरात राहतो, फोनबुकात 'विझर्ड' म्हणून जाहिरात देतो, जुनी खटारा बीटल चालवतो आणि पोलिसांना विचित्र केसेसमध्ये मदत करून पोट भरतो. पोलिसी कामकाज आणि ब्रिटिश तिरकसपणा आवडत असेल तर बेन आरोनोविचचं रिव्हर्स ऑफ लंडन, 2011 चं. त्यात पीटर ग्रँट हा नवखा कॉन्स्टेबल कोव्हेंट गार्डनला खुनाच्या जागी पहाऱ्यावर असतो, साक्षीदार म्हणून चक्क भूत पुढे येतं आणि हा पठ्ठ्या त्याची जबानी घ्यायला लागतो!

ड्रेस्डेनचं पहिलं पुस्तक, स्टॉर्म फ्रंट, 2000 सालचं आहे आणि खरं सांगू का, ठीकठाकच आहे. हॅरी बायकांकडे ज्या नजरेने बघतो ते तर सुरुवातीला डोक्यात जातं. पहिल्या दोनात मन रमलं नाही तर सरळ तिसऱ्यावर जा, ग्रेव्ह पेरिल, तिथून गाडी पकड घेते. पण त्यापुढे उड्या मारू नका, मोठी कथा पुस्तकागणिक वाढत जाते. सातव्यात, डेड बीटमध्ये, फील्ड म्युझियममधल्या सू नावाच्या टी-रेक्सच्या सांगाड्याचं जे काही होतं ते मी अजिबात सांगणार नाही.

वाचताना नियमांवर लक्ष ठेवा, कारण अर्धी मजा तिथे आहे. हॅरीच्या आसपास यंत्रं बिघडतात, म्हणून घरात गीझर नाही आणि भर हिवाळ्यात थंड पाण्याने आंघोळ. पीटरच्या जगात जादू केली की चालू फोनमधल्या चिपची वाळू होते, मग तो आधी फोन बंद करतो. लेखकांची चलाखी बघा, मोबाइल चालला असता तर निम्मी रहस्यं दोन कॉलमध्ये संपली असती. आणि हॅरीच्या जगात घराचा उंबरठा बाहेरच्या शक्तींना अडवतो, तेही ज्या घरात माणसं खरंच नांदतात तिथे जास्त, हे आपल्याला वेगळं समजावायला नको.

लंडनवालं वाचताना फोनवर मॅप उघडा ठेवा. फ्लीट, टायबर्न, एफ्रा या खऱ्या नद्या आहेत, आता बहुतेक जमिनीखालून वाहतात, आणि पुस्तकात त्या देवता आहेत, नायजेरियातून आलेल्या मामा थेम्सच्या मुली. हे कळल्यावर गल्ल्यांची नावंसुद्धा इंटरेस्टिंग वाटायला लागतात.

वाचायला वेळ नसेल तर ऑडिओबुक घ्या. दोन्हीकडे नायक स्वतःच गोष्ट सांगतो, त्यामुळे ऐकायला मस्त जमतं, ड्रेस्डेनला जेम्स मार्स्टर्सचा आवाज आहे आणि पीटरला कोब्ना होल्डब्रुक-स्मिथचा.

आणि हो, रिव्हर्स ऑफ लंडन अमेरिकेत मिडनाइट रायट नावाने आलं होतं. ऑनलाइन दोन्ही दिसतील. पुस्तक एकच आहे, दोनदा पैसे घालवू नका.