टेक्सासमधला घटस्फोटाचा हुकूमनामा मागवताना

लग्न कुठे झालं ते इथे पाहू नका. खटला ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) चालला तिथेच कागद मिळतो. आणि मागायचा तो डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, म्हणजे तिथल्या कोर्टाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. काउंटी क्लर्ककडे लग्नाचे परवाने असतात, म्हणून बरेच अर्ज तिथे जाऊन परत येतात. (लहान काउंट्यांत दोन्ही कामं एकाच क्लर्ककडे असतात.)

काउंटीच आठवत नसेल तर राज्याच्या आरोग्य खात्याकडून 20 डॉलरमध्ये पडताळणीपत्र मागवा. त्यांची नोंदसूची 1968 पासूनची आहे. त्यात दोघांची नावं, तारीख आणि काउंटी कळते, पण ते पत्र म्हणजे हुकूमनामा नव्हे.

क्लर्कला दोघांची पूर्ण नावं, बायकोचं माहेरचं आडनाव, अंदाजे वर्ष आणि असल्यास कॉज नंबर (खटल्याचा क्रमांक) द्या. 'फायनल डिक्री ऑफ डिव्होर्स'ची प्रमाणित प्रत हवी, असं स्पष्ट लिहा. नुसती 'प्रत' म्हटलं की शिक्क्याशिवायची झेरॉक्स हाती पडते.

भारतात दाखवायची असेल तर त्या प्रमाणित प्रतीवर ऑस्टिनहून, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून जोडलं जाणारं प्रमाणपत्र) घ्या. शुल्क 15 डॉलर. अपोस्टिलसाठी जोडलेल्या पानांचं स्टेपल काढू नका.